सायरनचं काम समाधानकारक

संकट कधीही कळवून येत नाही, हा संकटाचा मूळ स्वभावदोष आहे. कळवून आलं असतं, तर त्याची आवक-नोंद करता आली असती, त्याला क्रमांक देता आला असता आणि पुरेशी कागदपत्रं जोडली नाहीत म्हणून ते परतही पाठवता आलं असतं. तसं होत नसल्यामुळे शासनाला आधीच तयारीत राहावं लागतं. ही तयारी आमच्या 'आपत्कालीन सिद्धता व सेवाभावी संस्था सुरक्षा अनुदान कक्षा'त होते. मी तिथे छाननी लिपिक आहे. एकोणीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अर्ज छाननीशिवाय पुढे गेलेला नाही. छाननी झालेलेही फारसे गेलेले नाहीत.

ही हकीकत पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या ताईंची आहे.

शहराच्या जुन्या भागात, एका अरुंद गल्लीत, पूर्वीच्या गोदामात एक सेवाभावी संस्था हा कारखाना चालवते. कामगार चौतीस. त्यातल्या एकतिसांना ऐकू येत नाही. (कमी येतं असं नाही. येतच नाही.) खाली कागद कापायचं मशीन आणि दाबयंत्रं, वर शिवण आणि चिकटवण्याचं काम, मधे एकच लाकडी जिना. सरकारी कचेऱ्यांतली जाडजूड रजिस्टरं इथेच बांधली जातात. आमच्या कक्षाची तीनशे बारा पानी मार्गदर्शक पुस्तिकाही इथलीच. बांधणी इतकी पक्की की इतक्या वर्षांत एका प्रतीचीही पाठ मोडलेली नाही. (उघडली असती तर कदाचित मोडली असती.)

संस्था सांभाळणाऱ्या ताईंचं वय पंचेचाळीसच्या आसपास. बोटांना कायम खळ लागलेली. त्यांचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. त्याच्या हाताला काम मिळावं म्हणून वडिलांनी हा उद्योग सुरू केला होता. वडील गेले, भाऊ मुख्य कारागीर झाला. त्याला सगळे दादाच म्हणतात, म्हणजे हाताने तशी खूण करतात. सुई-दोऱ्याने कागदाचे गठ्ठे शिवताना त्याचे हात पाहावेत. मी एकदा पाहणीला गेलो होतो तेव्हा पाहिले, आणि पाहणीचा तक्ता भरायचाच राहिला. त्याबद्दल मला मेमो मिळाला.

तर एके दिवशी खालच्या विजेच्या बोर्डातून धूर निघाला. खालच्यांनी तो विझवला. वर पंधरा-वीस माणसं मान खाली घालून शिवत बसलेली, त्यांना पत्ताच नाही. एकीला खोकला आला म्हणून तिने खिडकी उघडली, एवढंच. संध्याकाळी ताईंना हे कळलं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या कक्षात हजर.

अर्ज दीड पानाचा होता. मागण्या दोन. प्रत्येक खोलीत एक दिवा, खालून बटण दाबलं की लुकलुकणारा. आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेरच्या बाजूने उतरणारा लोखंडी जिना. दीड पानात मावतो तो धोका नव्हे, हे मी त्यांना सौजन्याने समजावलं आणि एकसष्ट पानांचा विहित नमुना त्यांच्या हातात ठेवला.

आठवड्याने त्या भरून घेऊन आल्या. प्रश्न चौदापाशी मी थांबलो.

"ताई, 'संस्थेला कोणापासून धोका आहे?' या पुढे तुम्ही 'आगीपासून' लिहिलंय."

"हो. आगीपासूनच आहे."

"पण विचारलंय 'कोणापासून'. आग ही कोणी नव्हे. तिचं नाव-पत्ता कुठे लिहिणार? शत्रू लागतो. एखादी व्यक्ती, टोळी, निदान एखादा माथेफिरू."

"अहो, आमचा कोणी शत्रू नाही हो. आम्ही वह्या बांधतो."

"मग सुरक्षा कोणापासून देऊ?"

धोक्यासाठी शंभरपैकी चाळीस गुण असतात. त्यांना शून्य मिळालं. सज्जनपणाने वागणाऱ्या संस्थांचं नेहमी असंच नुकसान होतं. त्या वर्षी सर्वाधिक गुण एका अशा मंडळाला मिळाले ज्याच्या दोन गटांनी एकमेकांची डोकी फोडली होती. दोन्ही गटांना स्वतंत्र अनुदान मिळालं, एकमेकांपासून संरक्षणासाठी.

पुढच्या वर्षी ताई पुन्हा आल्या. चेहरा उतरलेला. मला कीव आली. (कीव येणं नियमात बसत नाही, पण ती जेवणाच्या सुट्टीत आली होती.) मी विचारलं, "गल्लीत कुणाशी कधी बाचाबाची, कुरबूर?"

"समोरचे गादीवाले काका ओरडतात कधीकधी. आमची हातगाडी त्यांच्या दारात लागते ना. पण मनाने चांगले आहेत. आमच्या घरच्या गाद्या तेच—"

"झालं!" मी म्हणालो आणि पेन उघडलं. "शेजारील व्यापारी घटकाकडून दीर्घकाळ, वारंवार व उच्च स्वरात शाब्दिक आक्रमण. पीडितांना ऐकू येत नसल्याने तीव्रतेची मोजणी प्रलंबित."

"पण हे खोटं आहे."

"यातला एक शब्द खोटा दाखवा."

धोक्याला बावीस गुण मिळाले आणि संस्था पात्र ठरली. नियमाप्रमाणे गादीवाल्याचं नाव 'संभाव्य धोकादायक घटक' यादीत गेलं आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याने चौकीत हजेरी लावायची असं ठरलं. तो बिचारा पहिल्या हजेरीहून आल्यावर ताईंच्या दारात उभा राहून खूप ओरडला. त्यामुळे गुण बावीसचे सव्वीस झाले.

आता मंजूर काय झालं, ते सांगतो. लुकलुकणारा दिवा आमच्या यादीत 'रोषणाई' या सदराखाली येतो आणि रोषणाईला अनुदान नाही. शासन दुःखद प्रसंगांची तयारी करतं, आनंदाच्या नव्हे. बाहेरचा जिना नामंजूर, कारण बाहेरच्या जिन्याने हल्लेखोर आत येऊ शकतो. (त्याच जिन्याने आतला माणूस बाहेर येऊ शकतो, हा मुद्दा ताईंनी मांडला. तो टिपणीत घेतला आहे.) मंजूर झालं ते असं: आठ कॅमेरे, एक पोलादी दरवाजा, वरच्या मजल्याच्या नऊही खिडक्यांना लोखंडी जाळ्या, आणि एक सायरन. साधासुधा नव्हे. तीन गल्ल्यांपलीकडच्या माणसाला झोपेतून उठवील असा.

"साहेब," ताई आमच्या अधिकाऱ्यांसमोर हात जोडून म्हणाल्या, "माझ्या माणसांना ऐकू येत नाही."

साहेब फार समजूतदार गृहस्थ आहेत. "म्हणूनच सर्वांत मोठ्या आवाजाचा दिलाय," ते म्हणाले.

"आणि जाळ्या नकोत हो. जिना पेटला तर खिडकी हीच वाट आहे."

"ताई, हा संच आहे. सगळा घ्या नाहीतर सगळा सोडा. सोडलात तर संस्था असुरक्षित ठरेल आणि असुरक्षित संस्थेला सरकारी रजिस्टरांचं काम देता येत नाही. चौतीस माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. आम्हालाही काळजी आहे त्यांची."

ताईंनी सही केली. दादाने मागे उभं राहून सगळं पाहिलं होतं. त्याने हातांनी काहीतरी विचारलं. ताईंनी हातांनी काहीतरी सांगितलं. तो आमच्या साहेबांकडे बराच वेळ बघत राहिला, लहान मुलाकडे बघावं तसा.

महिन्याभरात सगळं बसलं. सायरनची पेटी जिन्याच्या पायथ्याशी बसवली, कारण नकाशात तिथे मोकळी जागा दिसत होती. ठेकेदाराने नऊ जाळ्यांचं बिल लावलं आणि आठ बसवल्या. नववी खिडक्यांच्या मोजणीत चुकली की दुसऱ्या कुणाच्या बंगल्यावर गेली हे सांगता येणार नाही. पूर्णत्वाच्या दाखल्यावर नऊ आहेत, त्यावर सही माझी आहे, तेव्हा नऊ आहेत.

त्यानंतर रंगीत तालीम झाली. साहेब स्वतः वरच्या मजल्यावर घड्याळ घेऊन उभे राहिले. सायरन वाजला. मी दोन्ही कानांत बोटं घातली, साहेबांनी डोकं गच्च धरलं. आजूबाजूच्या तीन गल्ल्यांतली माणसं घराबाहेर धावली. फक्त ज्यांच्यासाठी तालीम होती ती चौतीस माणसं हालली नाहीत. वरची शिवत राहिली, खालची कापत राहिली. ऐकू येणारी तिघंही आपापल्या जागी बसून राहिली, कारण सोबत्यांना सोडून कुठे जाणार? दादाने मान वर केली, साहेबांचा पिळवटलेला चेहरा पाहिला, उठून त्यांना खुर्ची दिली आणि ड्रॉवरमधून डोकेदुखीचा बाम काढून पुढे केला.

अहवालात मी लिहिलं: इमारतीबाहेर जमलेल्या व्यक्ती, दोनशे बारा. उद्दिष्ट, चौतीस. साध्य, सहाशे तेवीस टक्के. त्या वर्षी आमच्या कक्षाला उत्कृष्ट कामगिरीचं स्मृतिचिन्ह मिळालं. साहेबांनी ते स्वीकारताना 'तळागाळातल्यांचा आवाज' असे शब्द वापरले.

मग दर मंगळवारी चाचणी सुरू झाली. पहिल्या मंगळवारी दोनशे बारा बाहेर आले, दुसऱ्या मंगळवारी साठ, पाचव्या मंगळवारी कोणीही नाही. लोक शहाणे झाले. सायरन वाजला की खिडक्या लावून घ्यायला शिकले. फक्त गादीवाला न चुकता बाहेर यायचा, कमरेवर हात ठेवून वर बघत ओरडायचा आणि परत जायचा. कॅमेऱ्यात त्याचे सगळे मंगळवार आहेत.

आग लागली त्या दिवशी गुरुवार होता. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. सायरनचा भार जुन्या तारांना सोसला नाही. सायरनला एवढं श्रेय द्यावंच लागेल की आग लागल्याचं सर्वांत आधी त्यालाच कळलं. ती त्याच्यातच लागली होती. तो प्रामाणिकपणे वाजू लागला. जिना कोरड्या लाकडाचा, पायथ्याशी कागदाच्या कात्रणांची पोती. खालच्या पंधराजणांनी (ऐकू येणारी तिघंही त्यांतच होती) जाळ डोळ्यांनी पाहिला आणि ते दरवाजातून बाहेर पळाले. जिन्याने वर जायची सोय राहिली नव्हती. रस्त्यावर उभं राहून त्यांनी वरच्या खिडक्यांकडे जिवाच्या आकांताने हात हलवले. पण शिवणारा माणूस खाली दोऱ्याकडे बघतो, बाहेर नाही. वर एकोणीस माणसं होती. गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागल्या.

गादीवाला ओरडायला बाहेर आला. गुरुवारीही वाजतोय म्हणून जरा जास्तच तावातावाने आला. समोर धूर पाहिला आणि त्याचं ओरडणं तोंडातच राहिलं. मग त्याने हातातलं कापूस झोडायचं दांडकं नेम धरून वर फेकलं. जाळी नसलेली ती एक खिडकी उघडी होती. दांडकं आत, दादाच्या टेबलावर, खळीच्या भांड्यात.

दादा उठला. खाली पाहिलं. गादीवाला दोन्ही हात वर करून नाचत होता. दादाने मागे जिन्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो थेट भिंतीकडे गेला आणि दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद करू लागला. चारपाच माना वर झाल्या. मग वीज गेली. पुढचं काम त्याने खांद्याला हात लावून केलं, एकेका टेबलाशी जाऊन.

खाली गादीवाल्याने आणि त्या पंधराजणांनी दुकानातल्या गाद्या ओढून आणल्या आणि खिडकीखाली एकावर एक रचल्या. त्यातल्या सहा एका लग्नघरच्या होत्या. एकेक जण उडी मारत गेलं. पलीकडच्या छोट्या खोलीत एक म्हाताऱ्या आक्का दाराकडे पाठ करून कापडी फीत चिकटवत बसायच्या. त्या खोलीचं पत्र्याचं दार तापून फुगलं होतं. दादाने ते उघडलं. हातांनी उघडलं, कारण दुसरं काही नव्हतं. आक्कांना उचलून खिडकीपर्यंत आणलं आणि खाली सोडलं. शेवटी स्वतः आला.

त्या वेळी ताई माझ्यासमोर बसलेल्या होत्या. सायरनच्या कामाचा तिमाही अहवाल द्यायला आल्या होत्या. त्यांनी 'उपयोग नाही' असं लिहिलं होतं आणि मी त्यांना सांगत होतो की या रकान्यात फक्त 'समाधानकारक' किंवा 'अतिशय समाधानकारक' लिहिता येतं. एवढ्यात साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी ऐकलं, रिसिव्हरवर हात ठेवला.

"ताई, तुमच्याकडे सायरन वाजतोय म्हणे. बराच वेळ झाला."

"आज? आज गुरुवार आहे..."

ताई खुर्ची पाडून धावल्या. त्यांची पिशवी, चष्म्याचं घर, सगळं तिथेच. साहेबांनी मला खूण केली. मी रकान्यात 'समाधानकारक' लिहिलं.

चौतीसच्या चौतीस वाचले. आक्कांचा पाय मुरगळला. दादाचे दोन्ही तळवे भाजले. उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत, त्यामुळे सुई धरता येत नाही.

चौकशी समितीने अत्यंत बारकाईने काम केलं. माणसं खिडकीतून बाहेर पडली असं सगळे सांगत होते. परंतु दाखल्यानुसार नऊही खिडक्यांना जाळ्या होत्या. म्हणून खिडकीतून कोणी बाहेर पडणं अशक्य. उरला जिना. म्हणजे माणसं जिन्याने आली. जिना तर पेटला होता. म्हणजे तो पेटण्यापूर्वी आली. पेटण्यापूर्वी येण्याचं कारण एकच संभवतं: त्यांनी सायरन ऐकला. समितीने सायरनची शिफारस इतर बधिर संस्थांसाठीही केली.

अडचण फक्त गादीवाल्याची होती. त्याला बोलावलं तेव्हा मी टिपणं घेत होतो.

"आगीच्या वेळी तुम्ही तिथे कसे?"

"माझं दुकान आहे तिथे."

"एवढ्या गाद्या आधीपासून तयार कशा होत्या?"

"अहो, मी गादीवाला आहे!"

"ओरडू नका. यादीत तुमच्याविरुद्ध तेच आहे."

त्याचं उत्तर असमाधानकारक ठरलं. हजेरी आता महिन्यातून दोनदा.

दीड महिन्याने ताई दादाला घेऊन आल्या. त्याच्या हातांवर पांढऱ्या पट्ट्या. पुन्हा तोच दीड पानी अर्ज: दिवे आणि जिना. मी सांगितलं की लाभ एकदाच घेता येतो आणि त्यांनी तो घेतलेला आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या रडल्या नाहीत.

"त्याचे हात गेले हो," त्या म्हणाल्या. "वडिलांनी त्याच्या हातांसाठी हे सगळं उभं केलं होतं."

मी म्हटलं, जखमींसाठी वेगळा कक्ष आहे, दुसऱ्या इमारतीत.

दादा आमच्या ओठांकडे बघत होता. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि पट्टी बांधलेल्या मनगटाने आमच्या हॉलच्या दिव्यांचं बटण दाबलं. बंद. चालू. बंद. चालू. तेवीस लिपिकांनी एकाच वेळी माना वर केल्या. या हॉलमध्ये इतकी माणसं एकदम जागी झालेली मी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. दादा आमच्याकडे पाहत उभा होता. हसत नव्हता, रागावलाही नव्हता. एवढं सोपं आहे, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला छातीत कसंतरी झालं. नंतर डॉक्टरांना दाखवलं. काही निघालं नाही.

आतून साहेबांचा आवाज आला, "लाइटशी कोण खेळतंय रे?"

अर्ज फेटाळला. शासकीय विजेचा अनधिकृत वापर केल्याची नोंद वेगळी घेतली.

कारखाना आता गादीवाल्याच्या दुकानामागच्या लांबट खोलीत चालतो. तळमजला आहे, दोन दारं आहेत आणि प्रत्येक टेबलावर एक दिवा लुकलुकतो. गादीवाल्याच्या जावयाने एका रविवारी बसून तारा जोडून दिल्या. त्याला विहित नमुना लागला नाही, यावरून कामाचा दर्जा लक्षात यावा. दादा आता शिवत नाही. तो नव्या माणसांच्या मागे उभा राहतो आणि दोरा सैल पडला की कोपराने ढोसतो. सरकारी रजिस्टरांचं काम मात्र काढून घेतलं, कारण संस्था धोकादायक घटकाच्याच जागेत राहायला गेल्यामुळे तिचा धोका शंभर टक्के झाला आहे. गुण पूर्ण चाळीस मिळाले असते. ताईंनी यंदा अर्ज केला नाही. तरी मी एक कोरा नमुना पाठवून दिला.

या अनुदानाची एक अट मात्र अजून पुरी व्हायची होती: योजनेबाबत दहा हजार नागरिकांना जागरूक करणं. त्याखेरीज फाइल बंद होत नाही. पत्रकं वाटली तर लोक त्यांत वस्तू बांधतात, म्हणून साहेबांनी मला झालेली सगळी हकीकत गोष्टीसारखी लिहून काढायला सांगितली. "काही लपवू नका," ते म्हणाले, "त्याने काही फरक पडत नाही."

आमच्या पुस्तिकेत पान दोनशे अठ्ठ्याऐंशीवर 'जागरूक नागरिक' या शब्दाची व्याख्या दिली आहे: 'अशी व्यक्ती, जिला वस्तुस्थितीची पूर्ण माहिती मिळालेली आहे व जिने त्याबाबत कोठेही तक्रार केलेली नाही.' आपण इथपर्यंत वाचलंत, मधे दोनचार ठिकाणी हसलातही, आणि आता पान उलटाल. आपली नोंद मी आजच केली आहे. सहीची गरज नाही.